इन्शुरन्स गेला तर...?

इकडे आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षात जे इंग्रजी शब्द नव्यानं शिकावे लागतात, त्यांत 'डिडक्टिबल', 'को-पे' आणि 'प्री-एक्झिस्टिंग कंडिशन' यांचा नंबर बराच वर लागतो. शब्द पाठ होतात, पण त्यांचा अर्थ घरात कायमचं दुखणं शिरलं की मगच कळतो. संक्रांतीला, गणपतीला आपण एकमेकांना विचारतो, "काय, जॉब कसा चाललाय?" ज्यांच्या घरी दुखणं आहे त्यांना या एका प्रश्नात दोन प्रश्न ऐकू येतात. दुसरा प्रश्न इन्शुरन्सचा. तो कुणी उघडपणे विचारत नाही आणि कुणी आपणहून सांगतही नाही. म्हणून आम्हीच सांगायचं ठरवलं.

आम्ही म्हणजे न्यू जर्सीत पंचवीस-एक वर्षं काढलेलं जोडपं. आजार एकीचा, नोकरी दुसऱ्याची आणि विमा दोघांचा, शिवाय कॉलेजात शिकणाऱ्या लेकीचाही. जिचा आजार तिची नोकरी अर्धवेळ, त्यामुळे तिकडून विमा नाही. आजाराचं नाव रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात, त्याच घरातला हा. २०११ साली निदान झालं. पहिली दोन वर्षं आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेतल्या. त्यानं पुरेना म्हणून डॉक्टरांनी अॅडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन सुरू केलं. जाडसर पेनासारखं असतं, दर पंधरा दिवसांनी मांडीत टोचून घ्यायचं. एका डब्यात दोन पेनं, आणि डबा फ्रीजमध्ये ठेवायचा. आमच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी त्याची जागा ठरलेली आहे. या औषधाच्या मूळ ब्रँडची छापील किंमत २०२३ साली महिन्याला सात हजार डॉलरच्या घरात होती. विमा असताना आम्ही त्यातले जेमतेम काही डॉलर भरत होतो. विमा नसता तर घराचा हप्ता आणि औषध, दोन्हीपैकी एकच भरता आलं असतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा गुंता मुळात झाला कसा हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आपण भारतातून येतो. तिथे नोकरी गेली म्हणून डॉक्टर बंद होत नाही. खिशातून पैसे जातात, ते वेगळं. इथे औषधपाण्याची दोरी नोकरीच्या खुंटीला बांधली गेली ती साधारण दुसऱ्या महायुद्धात. १९२९ साली टेक्सासमधल्या डॅलसला बेलर हॉस्पिटलनं शाळामास्तरांसाठी महिना ५० सेंटची योजना काढली होती, वर्षाला २१ दिवस हॉस्पिटल फुकट. ती योजना वाढत गेली. मग १९४२ साली महायुद्धामुळे सरकारनं पगारवाढीवर बंधन आणलं. माणसं तर हवीत आणि पगार वाढवता येत नाही, तेव्हा कारखानदारांनी विम्याचं आमिष दाखवलं. मालकानं भरलेल्या हप्त्यावर नोकराला टॅक्स नाही, हे १९५४च्या टॅक्स कायद्यानं पक्कं केलं. तात्पुरती सोय कायमची झाली. चाळीतल्या जिन्याखाली कुणी तात्पुरता बिऱ्हाड करून राहावा आणि तीन पिढ्या तिथेच नांदाव्यात, तसं.

आमच्या मंडळात एक काका आहेत, १९६९ साली आलेले इंजिनियर. १९८४ साली त्यांची बायपास झाली. स्वतःचा छापखाना काढायचा त्यांचा फार विचार होता, जागासुद्धा पाहून ठेवली होती. पण नोकरी सोडली की विमा जाणार, आणि हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला स्वतंत्र विमा कुणी विकत देत नव्हतं. अकरा वर्षं ते त्याच टेबलावर बसले. इथल्या अर्थशास्त्रज्ञांनी याला 'जॉब लॉक' असं नाव ठेवलंय. काकांचं म्हणणं, "अरे, बॉसचा मला कंटाळा आला होता, पण खिशातल्या त्या कार्डाचा नव्हता आला." त्यांनी छापखाना काढला नाही तो नाहीच.

मधल्या काळात कायदे सुधारले. १९९६च्या हिपा कायद्यानं एवढं केलं की एका कंपनीच्या विम्यातून दुसऱ्या कंपनीच्या विम्यात जाताना मध्ये ६३ दिवसांचा खंड पडला नाही, तर जुन्या आजाराच्या नावाखाली तुम्हाला ताटकळत ठेवता येणार नाही. पण नोकरीच नसेल तर? बऱ्याच राज्यांत तेव्हा विमा कंपनी सरळ नाही म्हणू शकत होती. आमचं न्यू जर्सी त्याला अपवाद. इथे १९९३पासून नकार देता येत नव्हता, मात्र हप्ते डोळे पांढरे करणारे होते. २०१० साली ओबामांच्या सहीनं मोठा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४पासून आजार आहे म्हणून विमा नाकारणं किंवा त्यासाठी जास्त हप्ता लावणं देशभर बंद झालं. पुढे २०१७च्या जुलैत तो कायदा मोडीत काढायचा ठराव सिनेटपुढे आला, तेव्हा आम्ही दोघं टीव्हीसमोर रात्री दीडपर्यंत जागे होतो. सिनेटर मॅकेन यांनी अंगठा खाली केला आणि ४९ विरुद्ध ५१ मतांनी ठराव पडला. आपल्याकडचे लोक क्रिकेटची फायनल पाहायला जागतात. आम्ही ती रात्र एका मतासाठी जागून काढली.

एवढं सगळं माहीत असूनही १७ जानेवारी २०२३ला, मंगळवारी सकाळी, नोकरी गेल्याची ई-मेल आली, तेव्हा पहिलं काम काय केलं असेल? फ्रीज उघडला. आत एकच पेन होतं.

कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. त्या हिवाळ्यात डझनावारी कंपन्यांनी तेच केलं. सेव्हरन्स ठीक होता, पण विमा महिनाअखेरीस, म्हणजे ३१ तारखेला संपणार होता. हातात चौदा दिवस. नवा डबा मागवायला औषधवाल्यांना फोन केला. अशी महाग औषधं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, 'स्पेशालिटी फार्मसी' ती बर्फात घालून घरी पाठवते. फोनवरची बाई भली होती, पण तिचा कॉम्प्युटर 'रिफिल टू सून' म्हणत होता. आधीचा डबा ठरावीक दिवसांपर्यंत संपल्याशिवाय पुढचा सुटत नाही. शेवटी २७ला सुटला आणि ३०ला दारात आला. विमा संपायच्या आदल्या दिवशी! डबा हातात घेतला तेव्हा घरात लक्ष्मी आल्यासारखं वाटलं, अतिशयोक्ती नाही.

पुढची गोष्ट 'कोब्रा'ची. नाव सापाचं असलं तरी तो १९८५चा एक कायदा आहे, एप्रिल १९८६मध्ये त्यावर सही झाली. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीतून नोकरी गेली तर तोच विमा अठरा महिने चालू ठेवता येतो. मात्र मालकाचा वाटाही आता आपणच भरायचा, वर दोन टक्के कारभारखर्च. नोकरीत असताना हा खरा आकडा कळतच नाही, कारण पगारातून कापलं जातं ते साधारण पाव. केएफएफ या संस्थेच्या पाहणीप्रमाणे २०२५ साली कुटुंबाचा सरासरी हप्ता वर्षाला जवळपास २७ हजार डॉलर होता. आम्हाला २०२३मध्ये महिना २,१०० डॉलर पडत होते. पगार शून्य झाल्यावर.

कोब्राचा निर्णय घ्यायला साठ दिवस मिळतात, आणि सही केलीत की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. त्यामुळे पुष्कळ जण सल्ला देतात, "घाई कशाला? साठ दिवस थांबा. काही झालं तर सही करा, नाही झालं तर पैसे वाचले!" निरोगी माणसाला हा हिशेब बरोबर आहे. दुखणेकऱ्याला नाही. कायद्याच्या कागदावर विमा मागच्या तारखेपासून चालू असतो, पण औषधवाल्याच्या पडद्यावर त्या दिवशी 'इनअॅक्टिव्ह' दिसत असतं, आणि तो डबा पाठवतो ते पडदा पाहून. अपघात झाला तर बिल नंतर वळतं करता येतं. न टोचलेलं इंजेक्शन नंतर वळतं करता येत नाही.

आमचं कोब्राचं पत्रच मुळी २० फेब्रुवारीला आलं. कंपनीला कळवायला ३० दिवस आणि पुढे पत्र धाडायला १४ दिवस, इतकी सवड कायदाच देतो. दुसऱ्या दिवशी चेक पाठवला. पडद्यावर पुन्हा 'अॅक्टिव्ह' उमटलं ७ मार्चला, डबा आला १३ला. इंजेक्शन टोचायचा दिवस होता ६ मार्च. फक्त आठवडाभराचा उशीर, कुणाला वाटेल त्यात काय मोठंसं. त्या आठवड्यात सकाळी मुठी वळेनात. कुकरचं झाकण लावता येईना, कणीक मळणं सोडाच. ब्लाउजची हुकं लेकीनं, ती सुट्टीला आली होती म्हणून, लावून दिली. सांधा एकदा आतून झिजला की तो परत भरून येत नाही, आणि हे औषध मध्ये सोडून पुन्हा धरलं तर कधी कधी शरीर त्याला जुमानत नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलेलं. म्हणजे दुखण्यापेक्षा भीतीच जास्त. रात्री दोन-दोनला उठून तारखा मोजायच्या.

सरकारी मार्केटप्लेसमधून विमा का घेतला नाही, असं कुणी विचारेल. तोही पर्याय पाहिला. नोकरीचा विमा गेला की तिथेही साठ दिवसांची खास खिडकी उघडते, आणि आजार विचारण्याची सोय त्यांना कायद्यानं ठेवलेली नाही. पण परवडणाऱ्या योजनांच्या यादीत आमचे संधिवाताचे डॉक्टर नव्हते, आणि औषधाची परवानगी नव्यानं मागावी लागली असती. ज्यांना रोज एखादी साधी गोळी लागते त्यांनी मार्केटप्लेस आधी पाहावं, आमचं स्पष्ट मत आहे. मिळकत फारच खाली आली तर मेडिकेड आहे, पण ते राज्याराज्यांवर अवलंबून. न्यू जर्सीत धडधाकट वयाच्या माणसालाही मिळू शकतं, टेक्सास-फ्लोरिडात बहुधा नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, कोब्रा घेतल्यावर ते मध्येच कंटाळून बंद केलंत तर मार्केटप्लेसची खिडकी उघडत नाही. नोव्हेंबरातल्या ओपन एन्रोलमेंटची वाट पाहावी लागते.

मे महिन्यात नवी नोकरी लागली. विमा १ जुलैपासून. नव्या कंपनीला नव्वद दिवसांपर्यंत थांबवायची मुभा असते. फेब्रुवारी ते जून, पाच महिन्यांचे कोब्राचे साडेदहा हजार डॉलर गेले. आणि जुलैत नव्या विमा कंपनीचं पत्र आलं: हे महाग इंजेक्शन मंजूर करण्यापूर्वी पेशंटनं मेथोट्रेक्सेट घेऊन पाहिलं आहे का? बारा वर्षांची फाइल डॉक्टरांच्या कचेरीतून फॅक्सनं गेली. हो, फॅक्सनं. या देशात चंद्रावर गेलेली माणसं आहेत, पण विम्याचे कागद अजून फॅक्सनं जातात.

त्या पाच महिन्यांत पुण्याहून भाऊ दर रविवारी फोनवर म्हणायचा, "अगं, इकडे निघून ये. इथे तेच औषध किती स्वस्तात मिळतं!" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अॅडॅलिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं डिसेंबर २०१४मध्ये भारतात बाजारात आणलं, इथल्या किमतीच्या कितीतरी खाली. अमेरिकेत तसली औषधं यायला २०२३ उजाडलं. पण दर पंधरा दिवसांच्या औषधासाठी कुणी पुण्याला ये-जा करत नाही, आणि बाहेरून औषध मागवणं इथल्या कायद्यात सहसा बसत नाही. कायमचं परतायचं म्हटलं तर तिथेही विम्याचा प्रश्न आहेच. भारतात नवी पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागतं. १ एप्रिल २०२४पासून ही मुदत जास्तीत जास्त चारऐवजी तीन वर्षांवर आली आहे. परतायचा विचार असलेल्यांनी ती पॉलिसी जायच्या दिवशी नव्हे, बरीच आधी पाहून ठेवावी.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. नोकरी गेली हे आपली माणसं लपवतात. सकाळी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघून लायब्ररीत बसणारे आम्हाला माहीत आहेत. आमच्याच एका मैत्रिणीनं तेव्हा सल्ला दिला होता, "मंडळात कशाला सांगतेस? उगाच चर्चा होते." आणि आजार तर त्याहून लपवायचा, लेकीच्या लग्नाला अडचण नको! पण या गुपचुपीत दिवस जातात, आणि इथे प्रत्येक दिवस मोजलेला आहे. २०२४मध्ये एका तरुण मुलाचा फोन आला, एच-वनवर आलेला. त्याच्या सहा वर्षांच्या मुलाला टाइप वन डायबिटीस. कोब्रा फक्त सिटिझनना मिळतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्या डोक्यावर एकदम तीन घड्याळं चालू होती: कोब्राचे साठ दिवस, मार्केटप्लेसचे साठ दिवस, आणि २०१७पासून एच-वनवाल्यांना नोकरी गेल्यावर नवी शोधायला मिळणारे जास्तीत जास्त साठ दिवस. तिसऱ्याच्या धास्तीत त्यानं पहिली दोन पाहिलीच नव्हती. "काकू, आज बावन्नावा दिवस आहे," तो म्हणाला. कोब्राला व्हिसाचा काही संबंध नाही, हे सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. त्याच दिवशी सही करून त्यानं कागद रजिस्टर्ड पोस्टानं पाठवले. मुलाच्या पंपाचं सामान चालू राहिलं. त्याला पुढे नोकरीही मिळाली, कनेटिकटला.

एच-वनवाल्यांना आणखी एक सांगायला हवं. आजवर कायदेशीर व्हिसावर असलेल्यांनाही मार्केटप्लेसमध्ये मिळकतीप्रमाणे सरकारी मदत मिळू शकत असे. जुलै २०२५मध्ये झालेल्या कायद्यानं २०२७पासून ती मदत ग्रीन कार्डवाले आणि आणखी एक-दोन गटांपुरतीच ठेवली आहे. विमा विकत घेता येईल, मदत नाही.

साठीला आलेल्यांचं दुखणं वेगळं. मेडिकेअर पासष्टाव्या वर्षी लागतं, आणि नोकरीतून 'सन्मानानं' मोकळं करतात ते बासष्ट-त्रेसष्टला. २०२१ साली मार्केटप्लेसची मदत वाढवली होती, ती २०२५अखेर संपली. त्यावरूनच त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकार बंद पडलं होतं, तरी वाढीव मदत काही वाचली नाही. म्हणून २०२६चा विमा घेताना नवरा-बायकोची मिळकत ८४,६०० डॉलरच्या वर एक डॉलर गेली तरी मदत शून्य, असा जुना कडा परत आला. आमच्या ओळखीतले निवृत्त लोक आता आयआरएमधून किती काढायचं ते या आकड्याकडे पाहून ठरवतात. काही जण साडेत्रेसष्टाव्या वर्षीच निवृत्त होतात, अठरा महिने कोब्रा आणि लगेच मेडिकेअर. बेत चांगला आहे, फक्त बायको पाच वर्षांनी लहान असेल तर तिचं काय, हे आधी पाहावं. आणि पासष्टी उलटल्यावर कोब्रा आहे म्हणून मेडिकेअरचा पार्ट बी लांबवू नये. कोब्रा हा 'चालू नोकरीचा विमा' धरत नाहीत, आणि उशिराचा दंड जन्मभर भरावा लागतो. ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांना तर मेडिकेअर विकत घ्यायलासुद्धा सलग पाच वर्षांचा मुक्काम लागतो. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

आमच्या घरी आता एक निळी फाइल आहे. तीत गेल्या तीन वर्षांतली सगळी परवानगीपत्रं, कुठलं औषध कधी घेतलं आणि का सोडलं त्याची डॉक्टरांनी सही केलेली एक पानी यादी, आणि रक्ततपासण्यांचे कागद. कंपनीच्या पोर्टलवर असलेलं सगळं आधीच छापून ठेवलेलं, कारण नोकरी जाते त्या सकाळी पासवर्डही जातो. डबा वेळेवर मागवायचा, एक दिवसही उशीर नाही. नव्या नोकरीचं बोलणं चालू असेल तर पगाराबरोबर विमा कुठल्या तारखेपासून, हेही विचारायचं. आजार सांगायची गरज नाही, आणि त्यांना विचारायचा हक्कही नाही.

मराठी शाळा सुटल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघं मागच्या खोलीत तासभर बसतो. आम्ही वकील नाही, एजंट तर मुळीच नाही. चहा असतो. ज्यांना असं पत्र आलंय त्यांनी घेऊन यावं, लिफाफा अजून फोडलेला नसला तरी चालेल.